परिक्रमावासी आणि सदावर्त

तीर्थयात्रेच्या बहुतेक प्रकारांत एक ठिकाण ठरलेले असते. काशीस जाणारा विश्वेश्वराच्या दर्शनासाठी निघतो, पंढरीचा वारकरी विटेवरील सावळ्या मूर्तीसाठी चालतो, आणि दर्शन घडले की यात्रेचे सार्थक झाले असे मानून माघारी फिरतो. नर्मदा परिक्रमेचे तसे नाही. जेथून पहिले पाऊल उचलले, तेथेच दीड हजारांहून अधिक मैल चालून शेवटचे पाऊल ठेवावयाचे असते. घाट तोच असतो, देऊळ तेच असते, नदीही तीच. मग बदलले ते काय? परिक्रमा पूर्ण करून आलेले भाविक या प्रश्नाचे उत्तर एकाच शब्दात देतात. बदललो ते आम्ही, असे ते म्हणतात. हे उत्तर श्रद्धेने स्वीकारण्याजोगे आहेच. परंतु विचाराने तपासून पाहण्यासही काही प्रत्यवाय नसावा.

ज्या भाविकांना या परिक्रमेची फारशी माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशातील अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा विंध्य आणि सातपुडा यांच्या मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन भरूचच्या पुढे खंबातच्या आखातास मिळते. तिची लांबी सुमारे १३१२ कि.मी. आहे. दोन्ही काठ मिळून पायी वाट २६०० कि.मी.च्या घरात जाते. धरणांच्या जलाशयांना वळसे घालावे लागत असल्याने ती याहूनही वाढते. नदी सदैव उजव्या हातास ठेवावी, तिचे पात्र कोठेही ओलांडू नये, हा मुख्य नियम. उपनद्या ओलांडता येतात. दक्षिण तट संपतो तेथे विमलेश्वर गावाजवळ परिक्रमावासी नावेत बसतात आणि समुद्राच्या मुखातून उत्तर तटावरील मीठी तलाईस उतरतात. पावसाळ्यात चातुर्मासाचा मुक्काम करावा, आणि संपूर्ण परिक्रमा ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवसांत पूर्ण करावी, असा जुना संकेत आहे. हल्ली बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघून पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. मार्कंडेय ऋषींनी ही परिक्रमा प्रथम केली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. महाराष्ट्राचा या नदीशी संबंध फार जुना. महेश्वरचे घाट अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण देतात, वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामी १९१४ मध्ये गरुडेश्वर येथे याच नदीच्या तटी समाधिस्थ झाले, आणि गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीने परिक्रमा मराठी घराघरांत पोहोचविली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणूस बदलतो तो कशाने? सर्वसाधारण समज असा की, शारीरिक कष्टांनी. उन्हातान्हात चालावे, पायांस फोड यावेत, जमिनीवर निजावे, म्हणजे देहाचा अभिमान गळतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु केवळ चालण्यानेच अंतःकरण शुद्ध होत असते, तर दसरा-दिवाळीनंतर मेंढरांमागे शेकडो मैल जाणारा आपला धनगर बंधू केव्हाच मुक्त पुरुष ठरला असता. ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीशी घेऊन जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडणाऱ्या कुटुंबांचे कष्ट परिक्रमावासीच्या कष्टांहून तिळमात्र कमी नाहीत. त्यांना कोणी ‘तुम्ही चालून बदललात काय’ असे विचारीत नाही. तेव्हा कष्ट हे कारण अपुरे पडते. एकांत आणि निसर्ग ही दुसरी दोन कारणे सांगितली जातात. नर्मदाकाठचे सौंदर्य अवर्णनीय आहे, यात शंका नाही. पण सौंदर्य मन प्रसन्न करते, ते मनाचा पीळ उलगडतेच असे नव्हे. जबलपूरजवळ भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून मोटारीने परतणारे सहस्रावधी पर्यटक जसे गेले तसेच घरी येतात.

खरे कारण बहुधा अधिक साधे आहे, आणि ते साधे असल्यामुळेच नजरेतून निसटते. परिक्रमावासी रोज कोणाच्या तरी दारी उभा राहतो.

परंपरेने परिक्रमावासीने द्रव्याचा संचय करावयाचा नाही. पाठीवर एखादे कांबळे, ताट-लोटा, नर्मदाजलाची कुपी एवढेच सामान. दिवस मावळू लागला की जे गाव येईल तेथे थांबावे. देवळाची ओसरी, एखादा आश्रम, शाळेचा व्हरांडा किंवा कोणा शेतकऱ्याचा ओटा, जे मिळेल ते आपले म्हणावे. गावकरी पीठ, डाळ, मीठ, मिरची असा शिधा देतात. त्यास सदावर्त म्हणतात. कित्येक ठिकाणी शिजविलेले अन्नच मिळते. ‘नर्मदे हर’ हा घोष झाला की घरातून विचारणा होते ती फक्त एवढीच, की मूर्ती किती? परिक्रमावासीस त्या खोऱ्यात ‘मूर्ती’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाव विचारले जात नाही, हुद्दा विचारला जात नाही, शिक्षण विचारले जात नाही. तीन मूर्ती असतील तर तिघांचे पीठ, पाच असतील तर पाचांचे.

हे ऐकावयास रम्य वाटते. प्रत्यक्षात ते फार कठीण आहे. ज्याने आयुष्यभर आपल्या कमाईचे खाल्ले, ज्याने मुलांची शिक्षणे केली, घर बांधले, कोणाचा पैसा बुडविला नाही आणि कोणापुढे हात पसरला नाही, अशा मध्यमवर्गीय गृहस्थाची कल्पना करावी. त्याच्या सद्‍गुणांत स्वाभिमान हा अग्रस्थानी असतो. असा गृहस्थ परिक्रमेस निघतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यास जाणवते की, पाय दुखत आहेत हे दुःख खरे नव्हे. समोरच्या कुडाच्या घरातील माउलीकडे दोन भाकरी मागावयाच्या आहेत, हे खरे दुःख आहे. त्याचा हात खिशाकडे जातो. पैसे दिले की व्यवहार बरोबरीचा होतो, देणे-घेणे फिटते, आणि मान ताठ राहते. पण ती माउली पैसे घेत नाही. मैयाच्या परिक्रमेवर आलेल्या मूर्तीस जेवू घालण्याचे मोल घेतले तर केलेले पुण्यच विकले, असे ती मानते. त्या क्षणी त्या गृहस्थास आजवर न घडलेली गोष्ट करावी लागते. त्यास केवळ घ्यावे लागते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास, योग्य देशी, योग्य काळी, केवळ देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. हे सर्व विवेचन देणाऱ्याच्या बाजूने आहे. घेणाऱ्याविषयी तेथे ‘पात्र’ एवढाच शब्द येतो. आपली कीर्तने, प्रवचने, देवस्थानांचे फलक या सर्वांतूनही दात्याचाच गौरव होत आला, आणि तो योग्यच आहे. परंतु पात्र होणे म्हणजे काय, याचा विचार कमी झाला. पात्र म्हणजे भांडे. भरलेल्या भांड्यात काही घालता येत नाही. ज्याच्या मनात ‘मला कोणाचे काही नको’ हे काठोकाठ भरलेले आहे, तो कितीही सज्जन असला तरी घेण्यास अपात्रच असतो. परिक्रमा या अपात्रतेवर रोज सायंकाळी घाव घालते.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या, बँकेत ठेवी असणाऱ्या माणसाने, ज्याच्या घरी पावसाळ्यापर्यंत धान्य पुरेल की नाही याची शाश्वती नाही अशा वनवासी कुटुंबाचे अन्न खावे काय? हे कोणत्या नीतीत बसते? आत्मोन्नती एकाची आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या कणगीतून, असा हा व्यवहार नव्हे काय?

आक्षेप पोकळ नाही. नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून नंदुरबार जिल्ह्यातून वाहते. तेथील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवर प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आली. या धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. जुनी परिक्रमेची वाट पाण्याखाली गेली, शूलपाणेश्वराचे प्राचीन स्थानही गेले, आणि त्यासोबत असंख्य कुटुंबांची शेते व चुलीही गेल्या. आज त्या बाजूने डोंगरावरून चालणाऱ्या परिक्रमावासीस जो ग्रामस्थ पाणी देतो, त्याचे स्वतःचे गाव कदाचित खाली जलाशयात असते. याच शूलपाणीच्या झाडीत पूर्वी भिल्ल लोक परिक्रमावासींना लुटीत, अंगावरील वस्त्रेसुद्धा नेत. त्या लुटीसही परंपरेने अर्थ दिला: नर्मदा माता, म्हणून तिचे हे भाऊ ते आपले ‘मामा’, आणि मामा भाच्याचा उरलासुरला संग्रह काढून घेतात. कल्पना मनोहर आहे. मात्र तिच्या आड त्या लोकांची भूक झाकली जाऊ नये, एवढे भान वाचकाने ठेवावे. अलीकडील परिक्रमावासींच्या लेखनात लुटीपेक्षा त्याच लोकांनी केलेल्या आदरातिथ्याच्या हकीकतीच अधिक आढळतात.

या आक्षेपावर उपाय म्हणून कित्येक जण आपला शिधा आपणच नेतात, सोबत वाहन ठेवतात, मुक्कामाचे आगाऊ आरक्षण करतात. हेतू चांगला असतो. पण त्यामुळे गरिबावरील भार कमी होतो तसा त्याचा संबंधही तुटतो. तो केवळ रस्त्याच्या कडेचा देखावा होऊन राहतो. ज्याचे आपण काही घेतले नाही, त्याच्याविषयी आपणास काही वाटण्याचे कारणही उरत नाही. नाकारणे हा मार्ग म्हणूनच अपुरा आहे, आणि निर्लज्जपणे घेत राहणे हा तर मार्गच नव्हे. या दोहोंच्या मध्ये शास्त्राने एक वाट दाखविलेली आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांस ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही एक ऋण सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे, असे तेथे म्हटले आहे. या ऋणाचा विशेष असा की, ते ज्याचे घेतले त्यालाच परत करता येईल असे नसते. कुडाच्या घरातील माउलीकडे परिक्रमावासी पुन्हा जाईलच असे नाही. गेला तरी ती घेणार नाही. ऋण तर राहिलेच. ते दुसऱ्या कोणाच्या दारी फेडावे लागते. अन्न घेतले ते दान म्हणून नव्हे तर कर्ज म्हणून, अशी ज्याची दृष्टी झाली त्यास ते अन्न पचते. ज्याची झाली नाही त्याने, परिक्रमा पूर्ण केली तरी, गरिबाचे चार महिने खाल्ले एवढाच त्याचा अर्थ.

दीर्घ पदयात्रेचा हा अनुभव आपल्याच देशापुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत पूर्वेकडील पर्वतराजीतून जॉर्जिया ते मेन अशी १४ राज्यांतून जाणारी अ‍ॅपलेशियन ट्रेल नावाची पायवाट आहे. ती १९३७ मध्ये पूर्णत्वास गेली आणि आज सुमारे ३५०० कि.मी. लांब आहे. तिच्या टोकाशी देऊळ नाही, देव नाही, पुण्याची भाषाही नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शॅफर हा तरुण युद्ध मनातून निघून जावे म्हणून १९४८ मध्ये ही वाट सलग चालून गेला. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी ती एकटीने पार केली. अकरा मुलांची ही माता, जिने वैवाहिक जीवनात पतीची दीर्घकाळ मारहाण सोसली होती, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून आणि साधे कापडी बूट घालून निघाली. तंबू जवळ नव्हता. रात्री कधी वाटेवरील निवाऱ्यात, कधी पालापाचोळ्यावर, आणि कित्येकदा अनोळखी घरांचे दार ठोठावून त्यांच्या ओसरीवर तिने मुक्काम केला. काहींनी दार उघडले, काहींनी परतवून लावले.

त्या वाटेवर पुढे दोन प्रथा रूढ झाल्या, त्या लक्षणीय आहेत. चालणारे लोक आपले नेहमीचे नाव बाजूस ठेवून वाटेपुरते वेगळे नाव धारण करतात. आणि जवळपासच्या गावांतील काही माणसे, कोणी न सांगता, वाट रस्त्यास मिळते तेथे पाणी, फळे, शिजविलेले अन्न घेऊन थांबतात. चालणारे त्यांना देवदूत म्हणतात. नाव गळणे आणि अनोळखी हातचे अन्न घेणे या दोन गोष्टी, इतक्या भिन्न धर्माच्या आणि इतक्या संपन्न देशात, आपसूक उगवून याव्यात यास योगायोग म्हणता येत नाही. मूर्ती किती, हा प्रश्न तेथे वेगळ्या भाषेत विचारला जातो इतकेच.

बदल टिकतो किती, हा पुढचा प्रश्न, आणि येथे स्पष्ट बोलणे बरे. पुष्कळदा तो टिकत नाही. उलट परिक्रमेचाच नवा अभिमान जडतो. किती दिवसांत केली, अनवाणी केली की पादत्राणे घालून, पैसे जवळ ठेवले होते की नाही, वाहनात कधी बसला होता काय, अशा चौकश्यांनी परिक्रमावासी एकमेकांस तोलू लागतात. ज्याने सहा महिने नाव सोडले होते, तो घरी आल्यावर नावामागे एक उपाधी लावून बसतो. अशा वेळी नियम काटेकोर पाळले गेले होते, पण ज्यासाठी नियम होते ते घडले नाही, असेच म्हणावे लागते.

याउलट उदाहरण अमृतलाल वेगड यांचे. जबलपूरचे हे कलाशिक्षक, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंचे शिष्य, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना १९७७ मध्ये प्रथम नर्मदेच्या काठाने निघाले. त्यांनी परिक्रमा एका दमात केली नाही. सवड मिळेल तशी, तुकड्या-तुकड्यांनी, घरी परतत आणि पुन्हा निघत, वर्षानुवर्षे ते चालत राहिले. पुढे पत्नीही सोबत चालल्या. कर्मठ दृष्टीने ही खंडित परिक्रमा होय. परंतु त्यांनी रेखाटलेली चित्रे आणि हिंदी-गुजरातीत लिहिलेली पुस्तके चाळली असता आढळते ते असे की, त्यांत नदीइतकीच जागा काठच्या माणसांना आहे. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाने किती जणांना त्या काठाकडे वळविले याची गणती नाही. अखंडतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

आज बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा घडविणाऱ्या सहली निघतात. वृद्ध आणि आजारी भाविकांसाठी त्या सोयीच्या आहेत, आणि त्यांची श्रद्धा उणी लेखण्याचा अधिकार कोणासही नाही. चैत्रात गुजरातमध्ये नदी जेथे उत्तरवाहिनी होते तेथे एका दिवसाची लहान परिक्रमाही मोठ्या गर्दीत होते. तथापि बसमधील यात्रेकरूस कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही. भोजन ठरलेले असते, त्याचे शुल्क भरलेले असते. दर्शन घडते, स्नान घडते. घेणे मात्र घडत नाही.

देवस्थानांना उदारहस्ते देणाऱ्या दात्यांनाही हा विचार परका वाटू नये. अन्नछत्रास देणगी देणारा पुष्कळदा पंगतीत बसण्यास संकोचतो. आपण बसलो तर एका गरजू भाविकाचे पान कमी होईल, अशी त्याची प्रामाणिक भावना असते. पण ज्याने एकदाही त्या पंगतीत मांडी घालून, शेजारी कोण बसला आहे हे न विचारता, वाढप्याची वाट पाहिली नाही, त्यास आपली देणगी कोठे पोहोचते हे पावतीवरूनच कळत राहणार.

नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली आणि त्या अनुभवावर ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ हे पुस्तक लिहिले. पुष्कळांची परिक्रमा पुस्तकापाशी संपते. त्यांची संपली नाही. काही वर्षांनी त्या नाशिक सोडून निमाडात, मंडलेश्वरच्या परिसरात, नर्मदेच्या काठीच राहावयास गेल्या. ज्या काठाने त्यांना भाकरी दिली होती त्या काठच्या खेड्यांतील मुलांना धड लिहिता-वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिले होते. लेपा या गावी त्यांनी मुलांसाठी वर्ग सुरू केले. त्यातून ‘नर्मदालय’ उभे राहिले.